प्रवचनाला उभे राहून रडलेले रेव्हरंड

वेल्स, १२ फेब्रुवारी

प्रिय डॅडी,

येशू तुम्हा सगळ्यांना सुखात ठेवो. मी आता बरी आहे. मम्मीचा गुडघा कसा आहे?

माझी घरमालकीण बाप्टिस्ट आहे, आपल्यासारखी कॅथलिक नाही. दीडशे वर्षांपूर्वी तिच्या चर्चमध्ये रेव्हरंड प्रिचर्ड होते. त्यांना ऐकायला खाणकामगार डोंगर उतरून यायचे. एका रविवारी ते प्रवचनाला उभे राहिले आणि रडायलाच लागले. म्हणाले, "महिनाभर मला अंथरुणातून उठवत नाही. का, ते देवाला माहीत." कुणी हसलं नाही. एक म्हातारा कामगार जाऊन त्यांच्याशेजारी बसला. तेव्हापासून तिथे दर मंगळवारी मन खचलेली माणसं येतात आणि कुणीतरी त्यांच्याजवळ नुसतं बसतं.

रागावू नका, मी आपल्या चर्चमधली रविवारची मिस्सा चुकवत नाही. पण गेल्या महिन्यात मालकीण मलाही हात धरून तिथे घेऊन गेली. दोन आठवडे मी कामावर गेलेच नव्हते. फोनवर तुमच्याशी खोटं बोलले.

डॅडी, तुमचा मुलगा आळशी नाही, आपला केनेथ माझ्यासारखाच आजारी आहे. त्याला ठाण्याला मनाच्या डॉक्टरकडे न्या. आणि प्लीज, रिक्षात त्याला काही सुनावू नका.

तुमचीच,
लिओना