माझ्या गळ्यातली पाटी

मंगळवार, संध्याकाळ

धाकटी बहीण नंदा आज वारज्याहून आली होती. माझ्या नातीला हसत सांगत होती, "आमच्या कॉन्व्हेंट शाळेत एकच लाकडी पाटी असायची. जी मराठी बोलेल तिच्या गळ्यात, शिक्षा म्हणून; मग दुसरी कुणी बोलली की तिच्याकडे! ताईच्या तर सारखी."

सारखी कुठली, एकदाच. नंदा पहिलीत होती, पडली आणि मराठीतच रडली. पाटी तिच्याकडे निघाली. ज्या मुलींनी मला नुकतंच डबा खायला आपल्यात घेतलं होतं, त्या बघत होत्या. तरी मी मुद्दाम ओरडले, "सिस्टर, लहान आहे हो ती!" पाटी माझ्या गळ्यात आली. त्या मुलींनी पुन्हा जवळ बसू दिलं नाही. वाईट वाटलं का? खूप.

आज नंदाला हे सांगणारच होते. तेवढ्यात नंदा म्हणाली, "तुझं इंग्रजी कच्चंच होतं ना गं?"

"होतं खरं," म्हटलं.