अण्णांच्या रेडिओग्रामवर जपानी गाणं

अण्णा,

‘तीर्थरूप’ लिहायचं म्हणून बसले होते, पण हात पुढे जाईना. तेव्हा नुसतंच अण्णा. येत्या रविवारी तुम्हाला जाऊन वर्ष होईल. तुमची गाण्याच्या बैठकीची मंडळी जमणार आहेत. त्यांच्यासमोर मी काय करणार आहे ते आधी तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र. बेसावध माणसावर वार करायची मला सवय नाही. तुम्हाला होती.

परवा सुधीरचं जहाज खिदिरपूरच्या गोदीत लागलं. दोन दिवस घरी राहिला तुमचा मुलगा, आणि माझ्यासाठी जपानहून एक रेकॉर्ड घेऊन आला. तीत ना तबला, ना सारंगी, ना माणसाने फुंकलेलं काही. सगळं विजेवर! नळ ठिबकावा तसे सूर, टेलिफोनच्या घंटीसारख्या शिट्ट्या, कुणीच न बडवलेला ढोल, आणि मध्येच यंत्रासारखा एक आवाज जपानीत काहीतरी गातो. तुम्ही असतात तर कानात बोटं घालून गच्चीवर निघून गेला असतात. म्हणूनच मी ती तुमच्या रेडिओग्रामवर लावली. भर दुपारी, सगळ्या खिडक्या सताड उघडून!

काय मजा आली म्हणून सांगू! ज्या झाकणाला हात लागला की तुम्ही “बायकांनी लांब राहायचं” म्हणायचात, ते मी धाडकन उघडलं. तुमच्या घरात साधी पेटी चालत नसे, कारण तिचे सूर म्हणे मेलेले. तिथे आता ही विजेची गाणी! मी खोलीभर नाचले अण्णा. शाळेत मुलींना शिस्त लावणारी बाई मी, पण नाचले.

सुधीर मात्र आठ्या घालून ऐकत होता. म्हणाला, “ताई, हे इतक्या घाईत का वाजतंय? जहाजावर आम्ही हीच रेकॉर्ड रोज ऐकतो. ती अशी नाहीये.” मी त्याला उडवून लावलं. पण कव्हरच्या मागे प्रत्येक गाण्यापुढे त्याची लांबी छापलेली होती. त्याने कपाटातून तुमचंच घड्याळ काढलं आणि लावून बघितलं. एकूण एक गाणं वेळेआधी संपत होतं.

गाण्यातलं तुमचं दैवत म्हणजे बाई. त्यांच्या रेकॉर्डी आपण इतकी वर्षं याच यंत्रावर ऐकल्या, पण शंका कधी आली नाही. तुम्ही सांगायचात, बाईंचा स्वरच तसा चढा आणि लयही पाणीदार. माणसाच्या गाण्याबद्दल असं काहीही सांगता येतं. पण यंत्राला कसली हो घाई?

रेकॉर्ड जिच्यावर फिरते ती तबकडी सुधीरने उचलली. खाली मोटरचा बारीक दांडा, आणि त्याच्यावर काळ्या टेपचे वेढे, टोक कात्रीने तिरकं कापलेलं. असं तिरकं तुमच्याशिवाय कोण कापतं? तबकडी फिरवणारं रबरी चाक घसरायला लागलं असणार, आणि दुरुस्तीवाल्याला न बोलावता तुम्ही स्वतःच उपाय केलात. गार्डन रीचच्या ऑफिसातले रेल्वेचे इंजिनियर ना तुम्ही! दांडा जाड झाला, तबकडी जोरात फिरू लागली आणि घरातली प्रत्येक रेकॉर्ड अर्ध्या सुराने वर चढली.

कळतंय का अण्णा, मी काय सांगतेय ते?

तंबोरा तुम्ही बाईंच्या रेकॉर्डवरून जुळवायचात. बाईंच्याच स्वरात गायचं, खाली उतरायचं नाही, हा तुमचा नेम. त्या स्वरात मी गळा ताणून ताणून गायचे आणि वरच्या षड्जाला तो चिरकायचा. पण बाईंचा स्वर तो नव्हताच! त्या जिथे गात होत्या तिथे माझा गळा सहज जात होता. पेटीचे सूर पक्के; घरात ती असती तर रेकॉर्ड वर चढलीय हे पहिल्याच दिवशी उघडकीला आलं असतं. लोडशेडिंगमध्ये वीज गेली की तबकडी मंदावत थांबायची, बाईंचा आवाज घसरत खाली यायचा, आणि एक क्षणभर तो मला अगदी माझा वाटायचा. हे मी तुम्हाला सांगितलंही होतं. तुम्ही हसलात.

आणि तो गणपतीतला कार्यक्रम? मराठी मंडळाच्या हॉलमध्ये आपली सगळी माणसं, शेजारचे बंगाली लोकही आले होते. माझा गळा चिरकला आणि पहिल्या रांगेतून तुम्ही हात वर केलात.

“पुरे, सुलभा. तुला गळा नाही. लोकांचा वेळ नको घेऊस.”

भजन तरी पुरं होऊ द्यायचं होतंत! मी तशीच उतरले. पुढच्याच आठवड्यात माझा तंबोरा बागबाजारच्या चौधुरीबाबूंच्या मुलीला देऊन टाकलात. टॅक्सीच्या खिडकीतून त्याची मान बाहेर आलेली मी गॅलरीतून पाहिली. त्यानंतर मी न्हाणीघरातसुद्धा कधी गुणगुणले नाही.

तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, हे मला कळतं. त्यामुळे राग कमी होत नाही, वाढतो. दुष्टपणा केला असतात तर तो विसरता आला असता. तुमची खात्री कशी विसरू?

त्या दुपारी टेप सोलून काढली, सुधीरने रबरी चाक घासून घट्ट बसवलं, जपानी गाणं छापलेल्या वेळेलाच संपतंय हे बघितलं आणि मग बाईंची रेकॉर्ड लावली. बाई शांतपणे, मोकळ्या गायला लागल्या. मी त्यांच्याबरोबर सूर लावला. वरचा षड्ज आला अण्णा! न ओढता, न चिरकता, आपणहून आला. मी रडत होते तरी तो हलला नाही.

आई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी होती. हात पदराला पुसत म्हणाली, “लग्नाआधी सांगलीला मी बाईंना समोर बसून ऐकलं होतं. यांना म्हटलंही होतं, बाई एवढ्या वर गात नाहीत. तर म्हणाले, तू चहाचं बघ.”

एवढं बोलून ती खरंच चहा टाकायला गेली. तिला माहीत होतं, अण्णा! पडद्याआड कपबशा भरणाऱ्या बाईला माहीत होतं. ती टेप तुमच्या फोटोवर, बरोबर तोंडावर चिकटवायला मी निघाले होते. सुधीरने हात धरला.

आता रविवारचं ऐका. तुमच्या आरामखुर्चीत आई बसेल. गणपतीत तुमच्या “पुरे”वर पहिल्या रांगेत माना डोलावणारे तुमचे मित्र आपापला चहा स्वतः ओतून घेतील. आधी जपानी रेकॉर्ड लागेल, दोन्ही बाजू, कुणालाही उठू देणार नाही. मग सुपारीच्या तबकातून तुमची टेप सगळ्यांपुढे फिरेल आणि ती काय आहे ते मी सांगेन. त्यानंतर मी गाईन, तुम्ही मेलेल्या सुरांची म्हणायचात त्या पेटीवर, माझ्या स्वरात.

तुमचा फोटो मी काढणार नाही. उलट तो पहिल्या रांगेत, खुर्चीवर ठेवणार आहे. वरच्या षड्जाला तुमच्याकडेच बघेन, आणि शब्द देते, तुम्ही “पुरे” म्हणेपर्यंत थांबणार नाही.

तुमचीच, गळा असलेली,
सुलभा