जानराव खंडारे यांच्या वाकड्या गुण्याची व्यवस्था

मी, जानराव पुंजाराम खंडारे, वय ६७, रेल्वेतून निवृत्त फिटर, राहणार अकोला, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. पत्नी दुर्गाबाईने तो दोनदा वाचून पाहिला. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर पत्नीच्या हयातीत तिचे. नंतर मुलगा संघपाल व मुलगी भावना यांचे समसमान. घराचा एकही कोपरा काटकोनात नाही, तेव्हा वाटणीत इंचासाठी भांडू नये. कारण पुढे येईल.

२. हत्यारांची पेटी आधी संघपालच्या नावे होती. त्याने माप घ्यायच्या माझ्या व्हर्नियरने पाठ खाजवली. पेटी आता भावनाची. पेटीतल्या गुण्याची हकीकत मात्र वेगळी, ती अशी.

बावीस वर्षे मी नव्या अप्रेंटिसांना शिकवले. आयटीआय झालेली खेड्यांतली पोरे यायची. कापसात काही उरत नाही म्हणून त्यांचे बाप हात जोडायचे. "काम शिकवीन, नोकरीचं सांगत नाही," असे मी प्रत्येकाला बजावत असे. पहिला धडा एकच: लोखंडी ठोकळा कानशीने घासून काटकोनात आणणे. माझा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची लोखंडी पट्टी, लावल्यावर फटीतून उजेड दिसला, की नवा ठोकळा. बार्शीटाकळीच्या शाकीबचे मी अकरा ठोकळे नाकारले, बारावा पास केला.

यंदा भावना स्वतः फिटर अप्रेंटिस लागली. पहिल्या सुटीत तिने आपला ठोकळा आणला. मी गुण्या लावला. उजेड!

"घास पुन्हा."

"ठोकळा बराबर हाये, बाबा. गुण्या वाकडा हाये तुमचा."

तिने नवा गुण्या लावून दाखवला. दुर्गाबाई आतून म्हणाली, "मी एकडाव त्या गुण्यानं नारळ फोडला होता."

"कधी?"

"संघपालचं नाव ठेवलं तवा. बर्फी कराची होती."

संघपाल आज चौतीस वर्षांचा आहे. घर मी त्यानंतर, त्याच गुण्याने बांधून घेतले.

दुसऱ्या दिवशी स्कूटरने बार्शीटाकळी गाठली. शाकीबचे तिथे वेल्डिंगचे दुकान आहे. म्हटले, "तुझे अकराही ठोकळे बरोबर होते रे."

"मले ठाऊक होतं, साहेब. म्हणून बारावा तुमच्यासाठी वाकडा घासला. परीक्षेसाठी सरळ अलग ठेवला होता."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुमाले सांगाची कोनाची टाप होती?"

त्याने चहा पाजला.

३. सदर गुण्या शाकीबला द्यावा. दुकानात टांगीन म्हणतो. टांगावा. हरकत घेण्याचा हक्क मला उरलेला नाही.

४. मी गेल्यावर भावनाने एका दिवसापेक्षा जास्त रजा घेऊ नये. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत, आणि त्या बाबतीत मी कधी कोणाला सवलत दिलेली नाही. मी शक्यतो रविवारी जाण्याचा प्रयत्न करीन.

वरील मजकूर वाचून, समजून, दुर्गाबाईच्या देखत सही केली.

सही: जानराव पुंजाराम खंडारे
साक्षीदार: १. केशवराव सोनोने, शेजारी २. आबेदा शेख, निवृत्त शिक्षिका
ठिकाण: अकोला
दिनांक: २१ नोव्हेंबर २००६