थोरलीच्या नावाचं पत्र

दि. ६ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा काय म्हणतो? जिना चढणार नाही असं कबूल केलं होतंस, आणि तुझी शेजारीण सांगते की रोज गच्चीवर कपडे वाळत घालतेस. तुला कुणी बोलायचं!

पत्राचं कारण वेगळंच आहे. सोबतचं कात्रण वाच. त्या मासिकाचा नवलेखक अंक निघतोय. वय पस्तिशीच्या आत हवं, नावावर एकही पुस्तक नको, कथा कुठे छापलेली नको आणि कागदाच्या एकाच बाजूला टाईप केलेली हवी. निवडलेल्या बारा जणांना दोन दिवसांच्या मेळाव्यात कथा वाचायला बोलावणार आहेत. मला चौतीस पूर्ण झाली, म्हणजे पुढच्या वर्षी मी बाद.

हसू नकोस, मी कथा लिहिलीय. थोरलीची नजर गेल्यावर ती सांगायची आणि मी उतरवून घ्यायचे, हे तुला माहीतच आहे. दिवसभर दुकानात परक्यांच्या चष्म्यांची भिंगं घासायची आणि संध्याकाळी सातला घरी येऊन बहिणीचे डोळे व्हायचं. ती खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसायची. वाक्य संपलं की खुर्चीच्या हातावर अंगठीने एकदा टक, परिच्छेद बदलायचा असला की दोनदा. मी वहीवरून मान वर केली तर तिला न दिसताही कळायचं, आणि रागवायची. मग तू टाईप करायचीस, आणि कुठून साभार परत यायचं, कुठून उत्तरच नाही. तिच्या हयातीत एक ओळसुद्धा छापून आली नाही.

ही कथा मात्र ती गेल्यानंतरची आहे, माझी. सगळा जन्म मी थोरलीची बहीण म्हणून काढला. एकदा तरी कशाखाली माझं नाव बघायचंय. बाहेर टाईप करून मिळेल, पण परक्याच्या हाती द्यायला जीव होत नाही. हस्तलिखित सोबत पाठवलंय, करशील ना? मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.

आहेस तशीच माझी राहा.
तुझी
धाकटी

---

दि. २४ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

गुडघा माझा आहे, शेजारणीचा नाही, असं तिला माझ्या वतीने कळव.

कथा टाईप झाली. तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ. थोरलीचं सांगणं उतरवायचीस तेव्हा बरं काढायचीस, ते आता कुठे गेलं? मुदत जवळ आली म्हणून तुझी वाट न बघता परस्पर इथूनच रजिस्टरने पाठवून दिली. कार्बन प्रत ट्रंकेत ठेवलीय. कचेरीत तीस वर्षं टायपिस्ट होते, मूळ कागदापेक्षा कार्बनवर माझा विश्वास जास्त.

कथा चांगली आहे. तोंडावर कौतुक करायची मला सवय नाही, म्हणून लिहून टाकते. रात्री जेवण गेलं नाही.

पण एक विचारायचंय. त्यातली बाई आपल्याला आलेल्या नकारपत्रांचे तुकडे करून उशीत भरते आणि त्याच उशीवर झोपते. हे तुला कुणी सांगितलं? थोरली दवाखान्यात होती, तेव्हा एकदा तू औषध आणायला खाली गेली होतीस. तिने माझा हात धरला आणि आपण अगदी हेच केलंय असं सांगितलं. धाकटीला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल, असंही म्हणाली. मी शब्द पाळला. मग तिनेच तुला सांगितलं का?

वेळेवर जेव. तिकडून पत्र आलं की मला आधी कळव, मग जगाला.
तुझी
आत्या

---

दि. ९ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

उत्तराला दीड महिना लावला, रागावली असशील. काय लिहावं तेच सुचत नव्हतं.

तिने मला काहीही सांगितलं नव्हतं. आणि आत्या, ती उशी माझ्याच डोक्याखाली होती. तिची म्हणून दोन वर्षं मी तिच्यावरच झोपतेय. तुझं पत्र वाचलं आणि शिवण उसवली. वरवर कापूस होता, आत कागदाचे बारीक तुकडे. जुळवत बसले. कुठे ‘साभार’, कुठे ‘खेद’, कुठे तिचं अर्धं नाव. मी दुकानात असताना टपाल तीच घ्यायची, परत आलेलं जाड पाकीट चाचपूनच ओळखायची; मला वाटायचं दोनचारच परत आलेत, बाकीच्यांचं उत्तरच नाही. तुकडे एका मोठ्या पिशवीत भरले, तर पिशवी पुरली नाही.

आता तुझ्यापासून लपवून काय करू? ती गेल्यानंतर तीनेक महिन्यांनी मी सहज सातला वही घेऊन बसले. खुर्ची रिकामी होती. एक वाक्य सुचलं, मी लिहिलं, आणि टक झालं. एकदाच. मग पुढचं वाक्य आलं. रोज तसंच होत गेलं. घाबरले नाही, हेच मला खोटं वाटतं. उलट दुकानातून धावत घरी यायचे. कथा माझी आहे असं तुला लिहिलं तेव्हा मला ते मनापासून खरं वाटत होतं. आता शप्पथ घालशील तर सांगता येणार नाही.

आणि आज निवडीचं पत्र आलं. पाकिटावर थोरलीचं नाव आहे. आतही तिचंच. आपली कथा बारांत निवडली गेली आहे, मेळाव्याला अवश्य यावं, असं तिला कळवलंय. मी उंबऱ्यातच बसून राहिले. शेवटच्या पानावर तू काय टाईप केलंस, एकदा बघशील? सोबत एक प्रतिज्ञापत्र आहे, कथा माझी स्वतःची आहे असं. ते सही करून तिथे द्यायचंय. कुणी सही करायची?

मला सांभाळून घे, नेहमी घेतेस तशी.
तुझी
धाकटी

---

दि. १४ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

ट्रंक उघडली. कार्बन खोटं बोलत नाही. शेवटी थोरलीचंच नाव आहे. तिच्या सगळ्या कथा मी टाईप केल्या. कथा संपली की बोटं आपोआप तिच्या नावाकडे जातात. मी टाईप करताना बोटांकडे कधीच बघितलं नाही, सगळ्या कचेरीत त्याचीच ऐट होती माझी. त्या ऐटीने तुझा घात केला. मला माफ कर.

खोटं नाही लिहीत, तिच्या नावाचा होकार आला हे वाचून आधी मला आनंदाने रडू आलं. लाज नंतर वाटली.

चूक माझी होती असं पत्र संपादकांच्या नावे सोबत जोडलंय. ते लगेच टाक. आणि नीट ऐक. तिची अंगठी तुझ्याच बोटात आहे. लिहिताना तुझा तूच हात आपटत असशील. ती काढून डबीत ठेव. ती गेली, बाळ. तू आहेस. मेलेल्या माणसाच्या नावाला ओ देत बसलीस, तर तुला हाक मारायला कुणी उरणार नाही.

मी अजून आहे, एवढं लक्षात ठेव.
तुझी
आत्या

---

दि. २० नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी टाकलं नाही. आधी कबुली देते, मग तू काय त्या शिव्या दे.

मेळाव्याच्या दारात टेबलावर नावांच्या चिठ्ठ्या मांडल्या होत्या. मी तिची उचलली आणि छातीला टाचली. आजूबाजूला सगळी माझ्यासारखीच माणसं, हातात कागदांची गुंडाळी. एका शिक्षकाने तर माझ्या बाटलीतलं अर्धं पाणी मागून घेतलं. सगळे मला थोरलीच्या नावाने बोलवत होते आणि मी ओ देत होते. फार बरं वाटत होतं आत्या, तेच वाईट.

तिचं नाव पुकारलं तेव्हा मी उठले. वाचलं. उशीच्या प्रसंगाला आवाज फाटला, पण थांबले नाही. कथा संपल्यावर मात्र तुझं वाक्य आठवलं, आणि माईकवरच सांगून टाकलं की हे नाव माझ्या बहिणीचं आहे, ती दोन वर्षांपूर्वी वारली, कथा मी लिहिली. संपादकबाईंनी मला बाजूला नेलं. मी सगळं सांगितलं, अंगठीसुद्धा. त्या हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की सहीला जागा एकच आहे आणि ती जिवंत माणसालाच करता येते. मी माझं नाव लिहिलं. अंक पुढच्या महिन्यात येईल.

घरी आल्यावर अंगठी डबीत ठेवली. सातला वही घेऊन बसले. काही नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठ दिवस नाही. मला हवं होतं ते मिळालं, आणि मी माझ्या बहिणीला घराबाहेर काढलं. असं वाटतं, आत्या. दुकानात एका गिऱ्हाइकाच्या भिंगाला चरा पाडला, इतकं.

काल संध्याकाळी सगळे तुकडे उशीत परत भरले. त्यांच्या मधोमध ते निवडीचं पत्र घातलं. न फाडता, पाकिटासकट, तिचं नाव वर येईल असं. निदान एक होकार तिच्या डोक्याखाली असू दे. मग शिवण घातली, दोरा तोडला आणि उशी तिच्या खुर्चीत ठेवली. डबी कपाटात होती, किल्ली माझ्या कमरेला. माझे दोन्ही हात मांडीवर होते, मी बघत होते त्यांच्याकडे.

टक झालं.

मी दुसऱ्या टकची वाट बघितली. दोन झाली असती, म्हणजे पुढचा परिच्छेद असता, तर मी वही घेतली असती, खाली कुणाचंही नाव चाललं असतं मला. पूर्ण अंधार पडेपर्यंत थांबले.

एकच झालं.

पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येते. मला धाकटी म्हणून हाक मार.
तुझीच
धाकटी