काकडं कमी घातलेली शेवळं

आई, तुला कधी पत्र लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. तू होतीस तोवर आपण तिघं कल्याणजवळ मोहन्याच्या एका खोलीत राहायचो, तिथे कोण कुणाला लिहिणार. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते आणि तुझे दिवस संपतात न संपतात तोच परीक्षा आली. त्यानंतर संसार, नोकरी, मुलं. तुझ्याशी बोलायचं राहूनच गेलं. आज मात्र लिहायला बसले आहे, कारण पलीकडच्या खोलीत बाबा झोपलेत आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही.

मला आपला तो स्वयंपाकाचा कोपरा आठवतो. बाबा कारखान्यातून येऊन जेवायला बसलेले, मी ताटातल्या शेपूकडे बघत गाल फुगवून बसलेली. तू ओरडत नाहीस. पदराला हात पुसतेस, समोर बसतेस आणि वाचनालयातल्या मासिकांत वाचलेली जगभरची जेवणं सांगायला लागतेस. रोमचे श्रीमंत लोक खारीएवढे उंदीर मातीच्या रांजणात कोंडून पोसायचे आणि मधात घोळवून खायचे. चीनमध्ये पाखरांनी थुंकीने बांधलेल्या घरट्यांचं सार करतात. ग्रीनलंडमध्ये सीलच्या कातड्यात छोटे पक्षी पिसांसकट भरतात, कातडं शिवून दगडाखाली महिनोन् महिने आंबवतात आणि सणाला बाहेर काढतात. बस्तरात लाल मुंग्यांची चटणी. माझे डोळे विस्फारलेले बघून तू हळूच घास पुढे करायचीस. "लोक काय काय खातान, नि तुला माझी भाजी नको? खा गो बाय." आणि मी खायचे. उंदरापेक्षा शेपू बरा, असा सरळ हिशोब होता.

पहिल्या पावसात उगवणारी ती रानभाजी, शेवळं, मात्र मी कधी खाल्ली नाहीत. जमिनीतून फणा काढून वर आलेल्या सापासारखी ती दिसायची, आणि तुझं कुठलंच ग्रीनलंड तिथे कामाला यायचं नाही. बाबा घाटावरचे. लग्नाआधी त्यांनी शेवळं पाहिलीही नव्हती. तुझ्या माहेरी, घोडबंदरच्या खाडीकाठच्या गावात, जून लागला की घरोघरी हीच भाजी, सुक्या कोलंबीचे सोडे घालून. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून विकणारी बाई जुडीबरोबर काकडं देते, बोराएवढी आंबट फळं. त्यांचा रस घातला की खाज मरते. तू करायचीस, बाबा ताट पुसून खायचे आणि "झ्याक झालंय" म्हणायचे. तुझा चेहरा असा काही खुलायचा की मला उगाचच बाबांचा हेवा वाटायचा.

आता तुझ्या त्या गावातच आमचा टॉवर आहे. बाबा आमच्याकडे असतात. त्यांना माणसं ओळखू येत नाहीत, मला ते कधी ताई म्हणतात, कधी नर्सबाई. तेही मी पचवलं. पण गेल्या काही महिन्यांत ते खायचेच बंद झाले. घास गालात धरून बसतात, मग बोटाने बाहेर काढतात. माजिवड्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. मी सगळं करून बघितलं, आई. मऊ भात, खीर, पिठलं. एकदा तर त्यांच्यासमोर बसून तुझे ते रोमचे उंदीर सांगितले. ते माझ्या पलीकडे भिंतीकडे बघत राहिले. त्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

दर रविवारी मी खाली बागेत सोसायटीच्या मुलांना गोष्टी सांगते. जूनमधल्या एका रविवारी तुझीच जेवणं सांगत होते, बाबा शेजारी व्हीलचेअरवर. एक मुलगी म्हणाली, "काकू, तुमच्या घरातलं सगळ्यात विचित्र काय होतं?" मी म्हटलं, शेवळं. मुलांना फोनवर फोटो दाखवत होते तेवढ्यात बाबा स्पष्ट आवाजात म्हणाले, "केली का तिनं?" कित्येक दिवसांनी त्यांनी काही मागितलं होतं.

मी दुसऱ्याच दिवशी कल्याणच्या बाजारात जाऊन शेवळं आणली. मावशीला फोनवर विचारत विचारत भाजी केली, खाजरा पिवळा भाग काढला, काकडं सढळ हाताने घातली. उत्तम झाली होती. बाबांनी एक घास घेतला, चावला आणि ताट सारलं. "ही तिची न्हाई." मावशीला सांगितलं तर ती आधी हसली, मग म्हणाली,

"अगो, तुझी आईस काकडं नावालाच टाकायची. तिला आंबट नको वाटायचा. आमचे घशाला लहानपणापासून सवय, आमाला काय नाय व्हायचा. तुझा बापूस मात्र खाऊन झाला का गूळ चघळत बसायचा. मी बोलले एकदा, सांगा ना तिला. तर बोलतान कसे, ती येवढ्या हौसेनी करते."

आई, तुला हे ठाऊक नव्हतं ना? इतक्या वर्षांत त्या माणसाने एकदाही सांगितलं नाही. मी पुन्हा शेवळं आणली, निवडली आणि काकडं हातात घेतली. ज्याच्या पोटात दोन घास जावेत म्हणून जीव टांगणीला लागलाय, त्याला मुद्दाम खाजरी भाजी वाढायची? शेवटी घातली काकडं, अगदी नावाला. बाबा जेवले. भाकरीसकट, सगळं. मग गळ्यावरून हात फिरवायला लागले, खाकरले, डोळ्यांत पाणी आलं. मी घाबरून गूळ पुढे केला. त्यांनी तो तोंडात धरला, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि माझ्याकडे वाकून म्हणाले, "तिला सांगू नगंस."

मी म्हटलं, नाही सांगणार.

शेवळं मिळाली तोवर ते जेवले. मग बाजारात ती दिसेनाशी झाली आणि पुन्हा घास गालात राहायला लागले. गेल्या आठवड्यात नळी घातली. आता पांढरं पातळ काहीतरी वेळेवर त्यांच्या पोटात जातं, आणि तोंडाला कसलीच चव लागत नाही. डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत.

हा कागद मी तुझ्या फोटोमागे ठेवणार होते. नाही ठेवत, फाडून टाकणार आहे. बाबांना शब्द दिलाय. पण कुणाला तरी सांगितल्यावाचून मला राहवेना, आणि सांगायला मला तूच आठवलीस.