पाहुण्यांचं राहिलेलं घड्याळ

आई, गाणगापूरला आपल्या खोलीत पुण्याचे पाहुणे घड्याळ विसरून गेले होते, तसंच एक घड्याळ मी गेल्या आठवड्यात स्वतःच्या हाताने पुरं केलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुलाच सांगावीशी वाटली, म्हणून लिहायला बसले आहे.

तेव्हा आपण पुढच्या दोन खोल्या यात्रेकरूंना द्यायचो. अप्पा देवळापाशी दुकानात असायचे, आणि पाहुण्यांचा चहा, चादरी, गरम पाणी सगळं तुझ्याकडे. ते गृहस्थ पुतण्याला घेऊन आले होते. संगमावर आंघोळीला जाताना घड्याळ कोनाड्यात काढून ठेवलं आणि संध्याकाळच्या सोलापूरच्या बसने तसेच परतले. खोली झाडताना ते तुला सापडलं. पांढरी तबकडी, निळे बारीक काटे, सोन्याची कड. मी हात पुढे करते तोच तू म्हणालीस, "परक्याची वस्तू हाय ती. कामून हात लावायलीस?" त्यांचा नीट पत्ता आपल्याकडे नव्हता. तू ते मऊ फडक्यात गुंडाळून देवघरात ठेवलंस, आणि रोज सकाळी पूजा आटोपली की त्याला चावी देऊ लागलीस. मी म्हटलं, बंद पडलं तर पडू दे की, कोण बघतंय. "चालतं ठेवून गेलेत," तू म्हणालीस, "चालतंच द्यावं."

पुढच्या पौर्णिमेला ते एकटेच आले. घड्याळाचं नावही काढलं नाही. तू चहाच्या कपाशेजारी ते फडकं ठेवलंस. त्यांनी ते उघडलं, घड्याळ कानाला लावलं आणि ओट्यावर बसले. म्हणाले, "ताई, मी पुतण्यावर आळ घेतला हो. घराबाहेर काढलं त्याला."

मला वाटलं, तू त्यांची समजूत घालशील. तू म्हणालीस, "मग हितं कामून बसलाव? आधी त्याच्याकडं जावा. दर्शन कुठं पळून जायलंय?"

ते उठले. खिशात हात घालायला लागले तर तू मान हलवलीस. मग काय वाटलं कुणास ठाऊक, मला पुढे ओढून म्हणालीस, "द्यायचंच असंल तर माझ्या लेकीला आतलं बघू द्या. महिनाभर नुसती लांबून बघायली ती." तुझं माझ्याकडे लक्ष आहे हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांनी घड्याळ पालथं करून माझ्या तळहातावर ठेवलं. मागचं झाकण काचेचं. आत एक इवलंसं चाक पुढे-मागे झुलतंय, त्याच्या पोटात केसाएवढी स्प्रिंग मिटतेय, उघडतेय. ते बसची वाट बघत उभे आहेत आणि तू त्यांना सांगतेस, "थांबा जरा, बघू द्या तिला."

पुढे मी भौतिकशास्त्र घेतलं, कलबुर्गीच्या कॉलेजात जन्मभर शिकवलं. नातेवाईक याचं श्रेय माझ्या हुशारीला देतात. मी त्या ओट्याला देते.

निवृत्तीनंतर घड्याळ बनवायचा नाद लागला. हातानं चावी द्यायचं, घड्याळाच्या आतलं साधं यंत्र मागवलं. पहिल्याची स्प्रिंग माझ्याच चिमट्याने वाकडी झाली. दुसऱ्यात धूळ गेली. बाहेरचं कवच ओळखीच्या वर्कशॉपात स्टीलचं कातून घेतलं, सोन्याची हौस केली नाही. काटे तापवून निळे करताना क्षणभर उशीर झाला की करडे पडायचे. तबकडीवरचे आकडे कितीदा खरवडून पुन्हा काढले. शेवटी एकदाचं सगळं जमलं, तेव्हा तुझे जावई म्हणाले, "आता पाहुण्यांच्या घड्याळावर होतं त्या कंपनीचं नाव पण घाल. अगदी खरं वाटंल."

"खोटं नाव कशाला?" मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला तुझ्यासारखा वाटला. तबकडीवरची नावाची जागा कोरीच ठेवली आहे.

तो पुतण्या घरी परतला की नाही, आपल्याला कधीच कळलं नाही. ते गृहस्थ मात्र दर्शन न घेताच दुपारच्या बसने गेले, एवढं मी पाहिलं होतं. तू भांडी घासायला बसलीस. मी तुझे आभार मानले नाहीत. तसं मानायची आपल्या घरात रीतही नव्हती. आता मानते.

हे पत्र कुठे टाकणार? लिहून झालं की फाडीन. पण एक सांगते. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी घड्याळाचं खूप कौतुक केलं, आणि मी हसून "वेळ जायला करते" म्हणत राहिले. ते खरं नव्हतं. एवढी म्हातारी झाले तरी मला तुझी शाबासकी पाहिजे होती.