चार क्लिकचा वारा

आबा, तुमची फायरिंग रेंजवरची डायरी माझ्याकडे आहे. आईला वाटतं ती अजून वर्दीच्या ट्रंकेत आहे. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वर्षी मी ती गुपचूप काढली आणि पुढे नोकरी लागल्यावर माझ्या कॉलेजच्या कपाटात, मुलांच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांखाली ठेवली. का काढली ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. त्यात काहीतरी आहे असा संशय होता, एवढंच. संशय घ्यायचं वळण मला तुमच्याकडूनच लागलं. सदर बाजारातल्या सब्जीवाल्याने तोलून दिलेली भेंडी तुम्ही क्वार्टरवर आणून आपल्या तराजूवर पुन्हा तोलायचात. मलिहाबादहून कुणी दशहरीची पेटी आणली तर वरचा थर बाजूला सारून आधी तळाचा आंबा हुंगायचात. आणि रेंजवर नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचात की गालाला लागतो तो वारा खरा धरू नका, गोळीला लागणारा वारा वेगळा असतो.

त्या पोरांतला एक सांगलीकडचा होता. तुम्हाला आठवत असणारच. दर रविवारी तो आपल्याकडे जेवायला यायचा. लखनौत ज्वारीचं पीठ मिळायचं नाही, म्हणून आई साताऱ्याहून आणलेलं पीठ पुरवून पुरवून वापरायची, पण रविवारी त्याच्यासाठी दोन भाकऱ्या जास्तच थापायची. अजून डोळ्यांपुढे आहे: तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मांडी घालून बसतो, पिठलं संपलं तरी ताट चाटूनपुसून लख्ख करतो, आणि तुम्ही बाहेरच्या खोलीतून ओरडून विचारता की आज किती श्वास घेऊन ट्रिगर दाबलास. मी तेव्हा बारावीत. तुम्ही त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त खूश असायचात, आणि ते मला फारसं आवडायचं नाही, हेही सांगून टाकते.

पलटणीच्या नेमबाजी टीमच्या निवडीचा दिवस होळीच्या जरा आधीचा होता. पछुआ, म्हणजे पश्चिमेचा वारा, सुटला होता. घरच्या मंडळींना चहाला बोलावलं होतं म्हणून मी आणि आई मागे शामियान्यात बसलो होतो. सहाशे मीटरवर माणसाच्या आकाराचं टारगेट. तुम्ही मोठ्या दुर्बिणीतून रेंजवरचा झेंडा किती उचललाय त्यावरून वारा बघून किती क्लिक ते सांगायचं आणि पोरांनी रायफलवरच्या दुर्बिणीची चकती तेवढी घरं फिरवायची, अशी रीत होती. एका क्लिकला तिथे गोळी चार बोटं सरकते, हे तुम्हीच मला शिकवलेलं. त्या सांगलीकराची शेवटची गोळी होती. तुम्ही म्हणालात, ‘चार डावे.’ त्याने चार फिरवले, गोळी झाडली, ती टारगेटच्या उजवीकडून गेली. मोठे साहेब खुर्चीवरून उठले. तुम्ही दुर्बिणीवरून डोळा न काढता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, ‘बोट हललं तुझं. ट्रिगर झटकलास.’ तो पडल्या जागेवरून म्हणाला, ‘जी साहेब.’

टीममधून त्याचं नाव गेलं. महिन्याभरात त्याला गाड्यांच्या यार्डात पाठवलं. निवडीनंतरच्या पहिल्याच रविवारी आईने भाकऱ्या नेहमीसारख्या जास्त थापल्या आणि पोरगं अजून कसं आलं नाही म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, येणार नाही आता. आईने का म्हणून विचारलं तर तुम्ही ताटावरून उठलात. तुम्हाला अर्धं जेवण टाकून उठताना मी तेव्हाच एकदा पाहिलं.

त्यानंतर तीन वर्षांनी तुम्ही गेलात. आम्ही लखनौतच अलीगंजला घर घेतलं, मला कॉलेजात फिजिक्स शिकवायची नोकरी लागली, आणि तुमची आठवण म्हणा की तुमच्याशी स्पर्धा म्हणा, मी रायफल क्लबात जाऊ लागले. बऱ्याच वर्षांनी तिथल्या एका सभासदाने माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. गोळीचं वजन, तिचा वेग, अंतर, हवेचा दाब, तापमान आणि वारा भरला की किती क्लिक फिरवायचे ते सांगतं. पहिले काही महिने मी त्याच्यावर काडीचा विश्वास ठेवला नाही. कागदावर स्वतः गणित करून पडताळायचे, मग तीनशे मीटरवर झाडून पाहायचे. ते बरोबर यायचं. दर वेळी बरोबर येतंय म्हणून तर मला आणखीच खटकायचं. शिवाय त्याला वारा दिसत नाही, आपण सांगू तो वारा ते खरा धरतं. तुम्ही असतात तर फोन उलटा करून टेबलावर ठेवला असतात.

मग एका सुट्टीच्या दुपारी स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं तेव्हा मी तुमची डायरी काढली आणि तुमच्या नोंदी त्यात भरू लागले. आबा, तुमचा वारा अचूक असायचा. पानामागून पान जुळत गेलं. कुणाची गोळी चुकली की शेवटच्या रकान्यात तुम्ही कारण लिहायचात: घाई, श्वास, बोट. होळीआधीचं पान आलं. त्या सांगलीकराच्या ओळीत तुमचं अक्षर: ‘झेंडा पाव. चार डावे. चूक, मध्यापासून उजवीकडे दीड वीत, उंची बरोबर.’ कारणाचा रकाना कोरा. त्याच्या खालची ओळ पुढच्या जवानाची, दोनच मिनिटांनंतरची: ‘झेंडा अर्धा. आठ डावे. मध्यभागी.’

मी फोनमध्ये आठ क्लिकचा वारा भरला आणि चकती चारवर ठेवली. उत्तर आलं: उजवीकडे दीड वीत, उंची बरोबर. मी तापमान बदललं. गोळीचं वजन पुन्हा पाहिलं. फोनचाच संशय आला म्हणून दुसरं ॲप उतरवून घेतलं, त्याच्यात दोन बोटांचा फरक पडला. ट्रिगर झटकला असता तर गोळी बहुतेक वरखालीही झाली असती, हे काय तुम्हाला सांगायला हवं? त्याचं बोट हललं नव्हतं. वारा दुपटीने वाढला होता आणि तुम्हाला तो दिसला नव्हता. निदान पुढच्या दोन मिनिटांत तरी दिसला, कारण तुम्ही लगेच आठ सांगितलेत. माझा संशय इथून सुरू होतो. साहेबांसमोर तोंडातून गेलं आणि मागे घेता आलं नाही, की मागे घ्यायचंच नव्हतं? डायरीत तुम्ही खोटं कारण लिहिलं नाहीत. खरंही लिहिलं नाहीत.

तो सापडला आपल्या अलीगंजमध्येच. इथल्याच मुलीशी लग्न करून राहिला होता, नाईकाच्या हुद्द्यावरून रिटायर झाला आणि एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन गार्ड म्हणून बसत होता. आईला बाजारात भेटला, तिनेच घरी येऊन सांगितलं. मी पासबुक भरायचं निमित्त करून गेले. त्याने मला लगेच ओळखलं. किती सालांनी मराठी बोलतोय म्हणाला, घरी पोरं समजतात सगळं पण जवाब हिंदीत देतात. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बाजूच्या टपरीवर चहा घेतला. मी फोन दाखवला. त्याने तो हातात घेतला नाही, लांबूनच मान वाकडी करून पाहिला आणि विचारलं की वारा याला कोण सांगतो. मी म्हटलं, आपण. तो हसला.

मी काही विचारायच्या आतच तो त्या दिवसाचं बोलू लागला. ‘ताई, माझं बोट हललं का नाही, ते आता मलाबी आठवत नाही बघा. तवा वाटलं हुतं नाही हललं. मग साहेब म्हणले, पलटण म्हणली, यार्डात लोक चिडवायला लागले. इतकी वर्षं ऐकून ऐकून आता डोळे मिटले की हललेलंच दिसतं.’

मग त्याने मला जे सांगितलं ते तुम्ही घरी कधी बोलला नाहीत. तुम्ही जायच्या वर्षी एकदा यार्डात गेला होतात. तो गाडीखाली काम करत होता. तुम्ही बराच वेळ उभे राहिलात, पाणी मागून प्यायलात, आणि मागच्या टायरात हवा कमी आहे असं सांगून निघून आलात. तुमची पाठ वळल्यावर त्याने हवा मोजली. बरोबर होती. साहेब आपल्यावर नजर ठेवायला आले असं त्याला तेव्हा वाटलं होतं. मला तसं वाटत नाही. पण मी तुमची मुलगी, मला तसं वाटणारच नाही.

सुट्टी संपत आली होती. त्याने ग्लास खाली ठेवला, बंदुकीचा पट्टा खांद्यावर नीट केला आणि म्हणाला, ‘त्या दिवसाचंबी बघितलं असंल तुम्ही ह्यात. काय म्हणतंय?’

उत्तर माझ्या फोनवर उघडं होतं. ते सांगायलाच मी गेले होते. मी म्हटलं की त्या दिवसाचा वारा डायरीत नीट लिहिलेला नाही, त्यामुळे मशीनलाही नक्की सांगता येत नाही. तो हाँ म्हणाला, तेच तर, आणि रस्ता ओलांडून आपल्या दाराशी जाऊन उभा राहिला.

मी खोटं बोलले हे त्याला कळलं असेल का, हे मी इतकी वर्षं मनात घोळवते आहे. पुढच्या खेपेला गेले तेव्हा तिथे दुसरा गार्ड होता. सांगलीकर मलिहाबादला सासुरवाडीच्या बागेवर राहायला गेला म्हणे. त्याचा नंबर त्या नव्या गार्डने मला एका चिठ्ठीवर लिहून दिला आहे. हे सगळं खरं म्हणजे त्याला लिहायला हवं, आणि मी लिहायला बसते तुम्हाला, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही. आत्ता हे लिहिताना मी तो नंबर दोनदा फोनमध्ये टाकला आणि दोनदा पुसला.